वांग्याच्या बुडाशी पुरलेला माठ

मित्रांनो, माठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तिवईवर ऐटीत बसलेला, कमरेला ओलं फडकं गुंडाळलेला आणि डोक्यावर ताटली-पेला मिरवणारा कुणी गलेलठ्ठ गृहस्थ उभा राहत असेल. एके काळी मीही तसाच होतो. आज माझा नुसता बुडखा उरला आहे. तिसगावच्या अलीकडे एका वस्तीवर, कडुलिंबाच्या सावलीत मी पडलेला असतो. कुणी आठवणीनं ओंजळभर पाणी घातलं तर चिमण्या येतात, आपसांत भांडतात आणि उडून जातात. माझी कहाणी सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ती ऐकून तुमच्या घरातल्या एखाद्या माणसाचं भलं झालं, तर मला बरं वाटेल.

माझा जन्म तिसगावात, कारभारी कुंभाराच्या अंगणात झाला. गाळाची माती चाळून, तीत राख मिसळून, पायांनी तुडवून त्यानं मला चाकावर चढवलं आणि थापटण्यानं माझी पाठ चांगली बडवून काढली. भट्टीतून बाहेर आलो तेव्हा अंगाला काजळी होती आणि मनात मोठी घमेंड होती. कारभारी गिऱ्हाइकांना सांगायचा, "माठ दिसायला कसा हाय ते बघू नगा. घाम किती गाळतोय ते बघा." त्याचं म्हणणं खरं आहे. आम्हा माठांच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. आतलं पाणी त्यांतून पाझरतं, अंग ओलं होतं, वारा लागला की सुकतं, आणि त्यानं आतलं पाणी गार पडतं. माठाची सगळी किंमत त्याच्या घामात असते.

मला रखमाजींनी पारखून घेतलं. बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि मला कुशीत घेऊन ते वस्तीकडे चालू लागले. घरी नेऊन त्यांनी मला स्वयंपाकघरात ठेवलं नाही. रस्त्याच्या बाजूला ओसरीवर तिवई मांडली आणि मला तिथं बसवलं. त्यांची बायको भागिरथीबाई म्हणाली, "आवं, घरात ठिवा की. रस्त्यानं जाणारं-येणारं समदंच हात घालत्याल."

"घालू दे," रखमाजी म्हणाले. "माज्या आज्याला हिरीवर लांब हुबं ऱ्हावं लागायचं. वरून कुनी वतलं तर वंजळीनं प्यायचं. ह्यो माज्या दारचा माठ हाय. ज्याला ताण लागंल त्यानं आपल्या हातानं घ्यावं. कुनाला इचारायचं काम न्हाई."

मग काय, माझी चैन झाली. मेंढरांमागचे धनगर, शाळेची पोरं, पत्ता चुकलेले टेम्पोवाले, सगळे माझ्याकडे यायचे. भीमजयंतीच्या दिवशी तर रखमाजी मला पहाटेच घासूनपुसून लख्ख करायचे आणि माझ्यापुढे निळा झेंडा रोवायचे. मिरवणुकीत नाचून घामाघूम झालेली मंडळी ओसरीवर टेकायची, घटाघटा पाणी प्यायची आणि म्हणायची, "रखमाजीबाबा, फ्रीजचं पानी झक मारतंय ह्याच्याफुडं." माणसानं पाणी पिऊन "आहा" म्हणावं, यापरतं सुख मला ठाऊक नाही.

रखमाजींचं दुसरं वेड म्हणजे त्यांची वांगी. हिरवी, पांढऱ्या रेघांची, देठाला काटे असलेली ती वांगी त्यांच्या आईपासून चालत आलेली होती. दुकानातलं बी त्यांनी कधी शेतात लावलं नाही. दर हंगामात सगळ्यांत चांगलं एक फळ ते न तोडता झाडालाच ठेवायचे, त्याच्या देठाला चिंधी बांधायचे आणि घरादाराला बजावायचे, "ह्याला हात लावायचा न्हाई, हे बियाला हाय." ते फळ पिकून पिवळं पडलं की त्याचं बी काढून पुढच्या सालासाठी गाडग्यात जायचं. तिसगावच्या बाजारात त्यांनी टोपली मांडली की बायका बाकीच्या भाजीकडे बघायच्याही नाहीत. त्या वांग्याचं भरीत चुलीवर होत असलं, की ओसरीवर बसल्या बसल्या मलाही वास यायचा.

वय मात्र कुणाला चुकत नाही. आमच्या वस्तीवरच्या बोअरचं पाणी जड. पेल्यात धरलं तर दिसायला काचेसारखं, पण वाळलं की मागे पांढरा थर सोडतं. तो थर माझ्या छिद्राछिद्रांत बसत गेला. रखमाजी विटकरीच्या तुकड्यानं माझी पाठ खरवडायचे, उन्हात ठेवायचे, पुन्हा भरायचे. पण माझा घाम कमी कमी होत गेला आणि एका उन्हाळ्यात तो पार थांबला. माझ्यातलं पाणी प्यायल्यावर एक वाटसरू तोंड वाकडं करून म्हणाला, "कोमट हाय." तो शब्द मला फार लागला.

रखमाजींनी नवा माठ आणला. भागिरथीबाईला वाटलं, जुना झाला म्हणून बदलला. मला त्यांनी फोडलं नाही की उकिरड्यावर टाकलं नाही. दोन्ही हातांनी उचलून मागच्या परसात नेलं, मोरीजवळ पालथं घातलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "लई राबलास. बस आता निवांत." तेव्हा मी मनात म्हटलं, असा धनी सगळ्यांना मिळो.

त्यानंतर घराचे दिवस फिरले. त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं आणि ऐन भादव्यात रखमाजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. नगरच्या दवाखान्यात त्यांना बरेच दिवस ठेवलं होतं. मुलगा संदीप तिकडेच कंपनीत कामाला, त्यानं धावपळ केली. जीव वाचला, पण वाचा गेली. परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता: "आगं." भूक लागली तरी आगं, माशी बसली तरी आगं, आणि डोळे भरून आले तरी आगंच. घर एवढे दिवस बंद होतं, तेवढ्यात उंदरांनी बियाच्या गाडग्याचं फडकं कुरतडून आतलं सगळं बी फस्त केलं होतं. रिकामं गाडगं बघून भागिरथीबाई मटकन खाली बसली. रखमाजींना तिनं ते लगेच सांगितलं नाही, पण त्यांना कळायचं ते कळलंच.

सुदैवानं परसात वांग्याचं एक झाड होतं. भागिरथीबाईची परसबाग मोरीच्या सांडपाण्यावर जगायची. अळू, पुदिना, गवती चहा, ओवा, कढीपत्ता, मिरचीची चार रोपं, दोडक्याचा वेल आणि कोपऱ्यात हे एकच वांगं. मागच्या मोसमातलं ते झाड तिनं छाटून राखलं होतं, त्याला पुन्हा फूट आली होती. रखमाजींच्या आईपासूनचं वाण आता त्या एका झाडात उरलं होतं. भागिरथीबाईनं मनाशी एक गाठ मारली होती. ती शेजारच्या बनुबाईला म्हणाली, "बनुआक्का, ह्याचं एक फळ बियाला आलं ना, तर मिरगाला मी रोपं टाकीन आन् ती ह्यांच्या हातात दीन. रोपं हातात घेतली का ह्यो मानूस उठून बसंल. मला पक्कं ठावं हाय." डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा तिचा त्या वांग्यावर जास्त भरवसा होता.

पण शिमगा होईतो विहीर आटली. बोअर खाकरायला लागला आणि मग गप्प झाला. टँकर यायचा तेव्हा वस्तीवर भांड्यांचा नुसता खडखडाट. मोरीत सांडपाणीच पडेना, तर परसबागेला कुठून मिळणार? आज कुणाचं पाणी तोडायचं, हे भागिरथीबाईला रोज सकाळी ठरवावं लागायचं. आधी अळू गेलं. मग दोडक्याचा वेल वाळला, तो तिनं काढला नाही, तसाच मांडवावर राहिला. पुदिना गेला त्या दिवशी तिनं वाळकी पानं चुरगळून नाकाशी धरली. मिरच्यांकडे पाठ करून ती वांग्याला पाणी घालायची. पण ऊन असं होतं की घातलेलं पाणी मातीत जिरायच्या आधी वाफ होऊन जायचं. तेवढ्यातच त्या झाडानं एक फळ धरलं. भागिरथीबाईनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधली.

बनुबाई एक दिवस बचत गटाच्या बैठकीतून नवी माहिती घेऊन आली. झाडाच्या बुडाशी माठ पुरायचा, तोंड तेवढं वर ठेवायचं, आत पाणी भरून झाकण घालायचं. माठ आतून पाझरत राहतो आणि मुळांना हवं तेवढं पाणी मिळतं. थेंब वाया जात नाही. "नवा माठ घे, मातर," ती म्हणाली.

"नवा कुठनं आनू? कारभारी कुंभार म्हनतोय, माती मळायलाच पानी न्हाई, औंदा चाक बंद हाय. घरात हाय त्यो एक ह्यांच्या प्यायला लागतोय," भागिरथीबाई म्हणाली आणि तिची नजर मोरीजवळ गेली. "ह्यो पडलाय की रिकामा."

मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. एवढ्या दिवसांनी मला कुणीतरी उचललं होतं! वांग्याच्या बुडाशी खड्डा खणून तिनं मला त्यात बसवलं, भोवती माती लोटली, टँकरचं पाणी गळ्यापर्यंत भरलं आणि वर फरशीचा तुकडा झाकला. वांग्याची मुळं माझ्या पोटाला टेकली होती, पोर आईला बिलगतं तशी. मी मनापासून पाझरायचा प्रयत्न केला. तेव्हा मला आठवलं की माझ्या अंगातला घाम कधीचाच आटला आहे.

हे त्या परसात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. रखमाजींची बाज दिवसभर त्या कडुलिंबाखाली असायची, उशाशी तिवईवर नवा माठ. मला पुरताना पाहून ते कासावीस झाले. डावा हात उचलून त्यांनी माझ्याकडे दाखवलं, मग नव्या माठाकडे, पुन्हा माझ्याकडे. "आगं... आगं..."

भागिरथीबाई हसली. "कळ्ळं, कळ्ळं. तुमचा लाडका माठ मातीत घातला म्हून राग आलाय व्हय? मंग काय डोक्यावर घिऊन नाचू त्याला?"

ते पुन्हा नव्या माठाकडे बोट करू लागले. ती लगबगीनं उठली, पेला भरला आणि त्यांच्या ओठाला लावला. "घ्या, घ्या. ताण लागलीय तर तसं सांगायचं."

तेव्हापासून रोज हेच चाललं. सकाळी ती माझ्यावरची फरशी उचलायची, आत डोकवायची. पाणी गळ्याशी तसंच्या तसं. तिला समाधान वाटायचं. "पोट भरलंय ह्याचं. काल घातल्यालं बी अजून पेलं न्हाई," असं वांग्याच्या पानांवरून हात फिरवत म्हणायची. आणि बाजेवरून रखमाजी आधी मला दाखवायचे, मग नवा माठ दाखवायचे. ती पेला भरून न्यायची. बिचारी चुकत होती असं तरी कसं म्हणू? जिभेवर पाणी पडल्यावर कोणता तहानलेला माणूस नको म्हणेल? ते प्यायचे, आणि तिला वाटायचं, आपण बरोबर ओळखलं.

वांग्याची पानं माना टाकू लागली. आधी दुपारची, मग सकाळीसुद्धा. भागिरथीबाईनं लुगडं बांधून सावली केली. कडुलिंबाचा पाला उकळून, गार करून शिंपडला. चिंधी बांधलेलं फळ अजून हिरवंच होतं, पिवळेपणाची एक रेघ तेवढी देठाजवळ दिसत होती. बनुबाईला बोलावलं. तिनं फरशी उचलून आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आगं भागिरथे, माठ काठोकाठ भरल्याला अन् झाड असं? लई पानी झालंय ह्याला. मुळी कुजली आसंल. आता थेंब घालू नगंस. राख टाक बुडाशी."

तिचंही काय चुकलं? भरलेला माठ दिसत होता. मी आत ओरडत होतो, पण माठाचा आवाज टिचकी मारल्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही, आणि मला टिचकी मारणाऱ्याचा उजवा हात लुळा पडला होता.

रखमाजींनी पाणी प्यायचं सोडलं. पेला ओठाला लावला की ते तोंड मिटून घ्यायचे आणि मान फिरवायचे. भागिरथीबाईला वाटलं, टंचाई बघून हा माणूस आपला वाटा वाचवतोय. तिनं त्यांच्या पाया पडून विनवण्या केल्या. एका दुपारी ती टँकरकडे गेली असताना रखमाजींनी डाव्या कोपरावर जोर देऊन अंग सरकवलं. तिवईचा पाय धरला आणि ओढला. त्यांना तो नवा माठ वांग्याकडे न्यायचा होता. एका हाताच्या माणसाला भरलेला माठ कसा नेता येईल? तिवई कलंडली, माठ बाजेच्या गोधडीवर पडला म्हणून फुटला नाही, पण पाणी सगळं सांडलं आणि उतारानं वांग्याकडे वाहत गेलं.

भागिरथीबाई डोक्यावर हंडा घेऊन आली ती हे पाहायला. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली. "वस्तीवरची लोकं थेंबाथेंबाला मोताद झाल्यात अन् तुमी माठ लोटून देता? एवढा कसला राग वो माज्यावर? काय कमी केलं मी तुमचं?" ओरडता ओरडता ती खाली बसून दोन्ही हातांनी ओला चिखल गोळा करू लागली, जसं काही त्यातून पाणी परत मिळणार होतं. रखमाजींच्या वाकड्या झालेल्या तोंडावरून आसवं ओघळत होती. "आगं," ते म्हणाले. "आगं." पण तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी वांग्याच्या शेंड्याची दोन पानं उभी राहिली होती. सांडलेल्या पाण्यानं केलेली ही करामत मला दिसत होती, रखमाजींना दिसत होती. भागिरथीबाईला वाटलं, राखेनं गुण आला, पाणी तोडलं ते बरं झालं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "बघा, बघा, तुमचं वांगं डोळं उघडाय लागलं," ती रखमाजींना सांगत आली. आणि त्या आनंदात तिनं ठरवून टाकलं, की आता याला पाणी दाखवायचं नाही.

पुढचं मी फार सांगत नाही. झाड उभ्या उभ्या वाळलं. जवळ राहूनही मला त्याच्यासाठी काही करता आलं नाही. मुळं माझ्या अंगाला घट्ट धरून होती, आणि त्यांची पकड सैल पडत गेलेली मला कळत होती. चिंधी बांधलेलं फळ सुरकुतून लिंबाएवढं झालं. माझ्या गळ्याशी पाणी तसंच होतं, गढूळ आणि कोमट.

संदीप सुट्टीला आला, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन बांधून. त्यानं झाड पाहिलं आणि म्हणाला, "आई, मुळी कुजलीय का ते खनून बघू. कीड आसंल तर दुसऱ्या झाडांना नको लागायला." दुसरी झाडं उरलीच कुठं होती! त्यानं कुदळ घातली. दुसराच घाव माझ्या कुशीत बसला. माझी एक बाजू निखळून पडली आणि आतलं सगळं पाणी भळाभळा बाहेर आलं. जे मी थेंब थेंब करून त्या झाडाला द्यायचं होतं, ते एकदम त्याच्या वाळक्या मुळांवर ओतलं गेलं.

पाणी जिरलं. संदीपनं बाजूची माती हातात घेतली. ती पिठासारखी कोरडी होती, बोटांतून भुरभुर उडाली. भागिरथीबाईनं माझं फुटकं खापर उचललं, त्याच्या बाहेरच्या अंगावरून बोट फिरवलं. पांढरा थर तिच्या बोटाला लागला. तिनं बोट जिभेला लावलं आणि तशीच ते खापर हातात धरून बसली.

मग तिनं बाजेकडे पाहिलं. रखमाजींनी हात उचलला होता. आधी माझ्याकडे, मग नव्या माठाकडे.

"ह्येच सांगत हुता व्हय तुमी?" ती म्हणाली. "ह्यो काढ अन् त्यो घाल, ह्येच ना? एवढं दिस ह्येच सांगत हुता? अन् मी... मी तुमाला पानी पाजीत ऱ्हायले!"

रखमाजींनी हात खाली सोडला. भागिरथीबाईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती हमसून हमसून रडली.

बऱ्याच वेळानं तिनं ते सुरकुतलेलं फळ तोडलं. विळीवर उभं चिरलं आणि बी काढून कडक उन्हात फडक्यावर पसरलं. संदीप म्हणाला, "राहू दे आई," पण तिनं ऐकलं नाही. बी वाळल्यावर ते तळहातावर घेऊन ती रखमाजींच्या तोंडापाशी गेली. बी पारखायची त्यांची रीत सगळ्या घराला ठाऊक होती. हातावर घेऊन फुंकर मारायची. पोचट बी उडून जातं, भरलेलं जागेवर राहतं.

"फुका," ती म्हणाली. "तुमीच फुका."

रखमाजींनी तिच्या तळहाताकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना फुंकायचं नव्हतं. पण ती हात मागे घेईना. शेवटी त्यांनी ओठ गोळा केले. एक बाजू ओढली गेली नाही, निम्मा वारा गालातून निसटला, कशीबशी एक फुंकर निघाली. मेणबत्तीसुद्धा विझली नसती त्या फुंकरीनं. आणि तेवढ्यानं तळहातावरचं सगळं बी उडून गेलं.

तिनं मूठ मिटली नाही. तसाच हात पुढे धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली.

मित्रांनो, आमच्या माठांच्या जातीला जपा, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. आम्ही फुटण्यासाठीच जन्माला येतो. पण कुणाला काही दिलंत, पाणी असो, घास असो की माया, तर ते त्याला पोचलं की नाही, हे एकदा हात लावून बघत जा. भरलेलं भांडं पाहून समाधान मानू नका. आणि तुमच्या घरात बोलता न येणारं कुणी असेल, म्हातारं, आजारी किंवा तान्हं, आणि ते हात करून काही दाखवत असेल, तर लगेच पेला भरायला उठू नका. त्याच्याजवळ खाली बसा आणि त्याचा हात खाली येईपर्यंत, तो जिकडे दाखवतो आहे तिकडे बघत राहा.